उघड्या चिऱ्याची भिंत

कोकणात आणि गोव्यात हल्ली उभ्या राहणाऱ्या नव्या बंगल्यांत एखादी तरी भिंत उघड्या चिऱ्याची असतेच. तांबडा, भोकाभोकांचा, मधूनच पिवळसर डाग असलेला हा जांभा भिंतीला जो जिवंत खडबडीतपणा देतो, तो कुठल्याही टाइलला साधत नाही. ही आवड मला मनापासून पटते. पण पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीही सर्रास उघड्या ठेवल्या जातात, तेव्हा काळजी वाटते.

जांभा मुळात पावसानंच घडवलेला. उष्ण, दमट प्रदेशात खडकातली सिलिका आणि विद्राव्य क्षार युगानुयुगं धुऊन जातात. मागे राहतात लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. जमिनीखाली तो इतका मऊ असतो की हत्यारानं कापता येतो. वाऱ्या-उन्हात सुकला की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशानं मलबारातल्या अंगडिपुरम इथं हेच पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली. आजही चिरा खाणीतून काढल्यावर काही काळ उघड्यावर वाळू द्यावा लागतो. बांधकामाच्या घाईत हीच पायरी गाळली जाते.

वाळलेला चिराही पाणी पितो. म्हणून जुन्या घरांत त्याच्यावर चुन्याचा गिलावा असे. चुना भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो आणि झिजायचं ते स्वतः झिजतो. दर काही वर्षांनी नवा हात दिला की झालं.

हा गिलावा काढल्यावर काय होतं, ते जुन्या गोव्यात दिसतं. १६०५ साली पूर्ण झालेली बॉम जेझूची बासिलिका आज तांबड्या दगडासाठी छायाचित्रांत मिरवते. पण हे तिचं मूळ रूप नाही. बाहेरून ती गिलाव्याची होती. पोर्तुगीज राजवटीत, १९५० च्या दशकात, प्राचीन दिसावी म्हणून बाल्ताझार कास्त्रो या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो गिलावा खरवडून काढला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट दगडावर कोसळतो आहे आणि दगड झिजतो आहे. पुन्हा गिलावा करावा असं संवर्धनाचे जाणकार सांगतात. पण लोकांच्या डोळ्यांना आता तांबडी बासिलिकाच खरी वाटते. मला या वास्तूबद्दल फार वाईट वाटतं ते यासाठी.

नव्या घरात चिरा जरूर दिसावा. आतल्या भिंतींवर, पडवीत, छपराच्या सावलीतल्या ओटीवर त्याला काही धोका नाही. बाहेर ठेवायचा तर छपराची वळचण भरपूर पुढे हवी, जोतं उंच हवं, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. पावसाच्या झडीच्या बाजूला मात्र चुन्याचाच गिलावा बरा. चिऱ्यांमधले सांधे कडक सिमेंटनं भरले तर ओलाव्याला चिऱ्यातूनच वाट काढावी लागते, आणि मग सांधा शाबूत राहून दगडाचा भुगा होतो. चकाकीसाठी मारलेलं जाड व्हार्निशही तेच करतं: आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. शिवाय त्या थराखाली दगडाचा खरखरीत स्पर्शही हरवतो, ज्याच्यासाठी ही सगळी हौस केली.