घोळणा फुटला तर मान मागे नको!

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात डिसेंबरमध्ये अकरावीचे प्रात्यक्षिक चालू होते. लंबकाची आंदोलने मोजताना एका मुलाचा घोळणा फुटला. कोणी डोक्यावर पाणी थापले, कोणी हुंगवायला कांदा शोधू लागले. मी त्याची मान मागे करून त्याला बसवले. रक्त दिसेनासे झाले. पण थोड्याच वेळात त्याला रक्ताची उलटी झाली आणि आमची गाळण उडाली.

जवळच्या डॉक्टरांनी उलगडा केला. रक्त थांबलेच नव्हते. ते घशावाटे पोटात उतरत होते. तेच श्वासनलिकेत शिरले असते तर?

दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात अनेक रोहिण्यांच्या बारीक शाखा एकत्र येतात. अमेरिकन शल्यविशारद लिटल यांनी १८७९ मध्ये या जागेचे वर्णन केले. बहुतेक वेळा रक्त येथूनच येते. आत येणारी हवा ओलसर करणे हे नाकाचे काम. हवा कोरडी असली की तेथील नाजूक अस्तरातील पाण्याचे बाष्पीभवन वाढते, खपली धरते. मग बोट घातले किंवा नाक जोराने शिंकरले, की रक्तवाहिनी फुटते.

उपाय भौतिकशास्त्रातलाच आहे : दाब! रुग्णाला ताठ बसवून किंचित पुढे वाकवा. बसल्यावर नाक हृदयापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच राहते. तेवढ्याने तेथील रक्तदाब, आडवे असताना असतो त्यापेक्षा, पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटरने कमी होतो. नाकाचा हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा. श्वास तोंडाने घ्यावा; तोंडात आलेले रक्त थुंकावे. दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम भाराएवढा जोर म्हणजे पाऱ्याच्या सुमारे १४७ मिलिमीटर दाब. रोहिणीतील नेहमीचा १२० चा वरचा दाब त्यापुढे हरतो. वाहिनी मिटते आणि रक्तपट्टिका व तंतू यांची गुठळी तोंड बंद करते.

मात्र घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे चिमटी सोडू नका. मध्येच डोकावलात तर कोवळी गुठळी निसटते.

एवढे करूनही रक्त थांबले नाही, डोक्याला मार लागला असेल, चक्कर येत असेल किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर डॉक्टरांकडे ताबडतोब न्या. घोळणा वरचेवर फुटत असेल तरी दाखवा. डॉक्टर फुटलेल्या जागी सिल्व्हर नायट्रेट लावतात किंवा नाकात पट्टी भरतात.

आता आमच्या प्रयोगशाळेतील स्टॉपवॉचला लंबकाखेरीज आणखी एक काम आहे!