पडलेल्या खेळाडूला घाईने उचलू नका

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात आणि त्यापाठोपाठ गावोगावी कबड्डीचे सामने सुरू होतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सामन्यातून रात्री दहाच्या सुमारास एका तरुणाला माझ्या दवाखान्यात आणले. चढाईत पकड झाली आणि तो डोक्यावर आपटला. दोघांनी हात, दोघांनी पाय धरून त्याला उचलले, मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणले. "डॉक्टरसाहेब, मैदानात हात हलवत होता जी, आता हलवत नाही," असे त्याचा मित्र म्हणाला. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हातपाय हलविण्याचे, अगदी श्वास घेण्याचे हुकूमही मेंदूकडून याच वाटेने खाली येतात. मणका मोडला तरी मज्जारज्जू कधी कधी शाबूत असतो. मात्र लोंबकळती मान एकदा हिसकली, की मोडका मणका त्यावर दाबला जातो. 2018 साली कोल्हापूर जिल्ह्यातील बांदिवडे गावी कुस्तीच्या मैदानात एका विशीतल्या पैलवानाच्या मानेला मार लागला आणि काही दिवसांनी तो दगावला. म्हणजे कसलेल्या शरीरालाही ही दुखापत सोडत नाही.

तेव्हा डोक्यावर पडलेला खेळाडू मान दुखते म्हणाला, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा सांगू लागला, अथवा बेशुद्ध असला, तर त्याला आहे तिथेच राहू द्यावे. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही तळव्यांनी डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे. मान सरळ करू नये, ओढू नये, चोळू तर मुळीच नये. पाणी पाजू नये. उलटी झाली तर तिघाचौघांनी मिळून, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, डोके व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. दरम्यान 108 ला फोन करावा.

आता एक अपवाद. खेळाडू हाकेला ओ देत नाही आणि श्वास चालत नाही, किंवा नुसताच आचके देतो, तर मानेची काळजी मागे पडते. छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक ठेवून, मिनिटाला 100 ते 120 या गतीने जोरात दाब द्यावा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नये, दमल्यास माणूस बदलावा. कोणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला, तर आधी हृदयाचाच संशय घ्यावा. हृदय बंद पडताना झटकेही येतात. आपल्याकडे मग मिरगी समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटे जातात! 12 जून 2021 रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला. मैदानावरच छाती दाबून आणि यंत्राने विजेचा धक्का देऊन त्याला वाचविले. पुढे तो पुन्हा खेळलाही.

आमचा तो तरुण नागपूरला बरेच दिवस होता. आज तो खुर्चीत बसतो, उजव्या हाताने जेवतो, पण चालत नाही. मैदानातच त्याची मान धरली असती तर काय झाले असते, हे मला त्याच्या आईने विचारले होते. मी नक्की उत्तर देऊ शकलो नाही. यंदा मंडळाचे लोक वर्गणीला आले, तेव्हा मी पावती फाडण्याआधी एवढेच विचारले, की मैदानापर्यंत रुग्णवाहिका येईल अशी वाट मोकळी ठेवली आहे का, आणि डोके कोण धरणार?