संदेष्टे : परमेश्वराचे मुख

पवित्र मिस्सामध्ये जुन्या करारातील वाचन संपते, वाचक ते प्रभूचे शब्द असल्याची घोषणा करतो आणि आपण सर्व जण देवाचे आभार मानतो. अनेक रविवारी हे वाचन यशया, यिर्मया, यहेज्केल किंवा आमोस अशा एखाद्या संदेष्ट्याच्या ग्रंथातून घेतलेले असते. बोलणारा माणूस, शब्द मात्र देवाचे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील गांभीर्य आपल्याला जाणवेनासे झाले आहे. वस्तुतः एखाद्या माणसाने चारचौघांत उभे राहून 'परमेश्वर असे म्हणतो' असे सांगणे ही साधी बाब नव्हे. ते खरे असेल तर ऐकणाऱ्याला आपले जीवन बदलावे लागते. ते खोटे असेल तर बोलणाऱ्याने देवाचे नाव घेऊन लोकांची दिशाभूल केलेली असते. म्हणूनच संदेष्टा म्हणजे नेमका कोण, तो देवाच्या वतीने कसा बोलत असे आणि खऱ्या संदेष्ट्याची ओळख कशी पटावी, या प्रश्नांचा आपण येथे विचार करू या.

भविष्यवेत्ता नव्हे, दूत

संदेष्टा म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टी आधीच सांगणारा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. संदेष्टे भविष्याविषयी बोलत हे खरे. परंतु ते त्यांचे मुख्य कार्य नव्हते. आपल्या मराठी शब्दातच त्यांचे खरे कार्य सांगितलेले आहे. जो संदेश पोहोचवितो तो संदेष्टा. मूळ हिब्रू भाषेत त्याला 'नाबी' म्हणतात. या शब्दाचा अर्थ निर्गमच्या ग्रंथात एका प्रसंगातून उलगडतो. आपल्याला नीट बोलता येत नाही, अशी तक्रार मोशे करतो, तेव्हा देव त्याचा भाऊ अहरोन याला त्याच्या सोबतीला देतो. अहरोन मोशेचे मुख होईल, असे एका ठिकाणी म्हटले आहे (निर्गम ४) आणि थोडे पुढे अहरोन मोशेचा 'नाबी' होईल, असे म्हटले आहे (निर्गम ७). अर्थात जो दुसऱ्याचे मुख होतो, तो संदेष्टा.

'परमेश्वर असे म्हणतो' ही शब्दयोजनाही दूतांच्या भाषेतील आहे. प्राचीन काळी राजाचा दूत परक्या दरबारी गेला की प्रथम आपल्या स्वामीचे नाव घेई आणि मग त्याचा निरोप त्याच्याच शब्दांत सांगे. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदा देशावर स्वारी केली. तेव्हा त्याचा अधिकारी रब्शाके यरुशलेमच्या तटाबाहेर उभा राहिला आणि अश्शूरच्या महाराजाचे म्हणणे काय आहे, ते त्याने तटावरील लोकांना त्यांच्याच भाषेत ओरडून सांगितले. हिज्कीया राजाने आपली माणसे यशयाकडे पाठविली. यशयाने उत्तर दिले तेही त्याच धाटणीचे होते. फक्त ते दुसऱ्या स्वामीच्या नावाने होते (२ राजे १८-१९). तटाबाहेर एका सम्राटाचा दूत होता आणि तटाच्या आत परमेश्वराचा. यरुशलेमवासीयांना त्या दिवशी दोहोंपैकी कोणाचे ऐकायचे, हे ठरवावे लागले.

दूताला स्वतःचा निरोप नसतो. त्याला निरोपात भर घालता येत नाही आणि त्यातून काही वगळताही येत नाही. संदेष्ट्याच्या जीवनातील सारी कठीण परीक्षा याच एका गोष्टीत सामावलेली आहे. स्वतःचे मत आणि देवाचा शब्द यांतील अंतर त्याला सतत राखावे लागते.

नाथानने मागे घेतलेला शब्द

दावीद राजाच्या मनात परमेश्वरासाठी मंदिर बांधण्याची इच्छा निर्माण झाली. स्वतः गंधसरूच्या घरात राहावे आणि देवाचा कोश मात्र तंबूत असावा, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने ही गोष्ट संदेष्टा नाथान याच्या कानावर घातली. हेतू चांगला होता, राजा देवभीरू होता. नाथानने लगेच संमती दिली आणि परमेश्वर तुझ्याबरोबर आहे, असेही सांगून टाकले. त्याच रात्री त्याला परमेश्वराचा शब्द प्राप्त झाला. तो शब्द वेगळाच होता. दावीदाने देवासाठी घर बांधायचे नव्हते. देवच दावीदासाठी घराणे उभारणार होता (२ शमुवेल ७).

नाथान खोटा संदेष्टा नव्हता. आदल्या दिवशी तो एक चांगला माणूस आणि राजाचा हितचिंतक म्हणून बोलला होता, एवढेच. परंतु त्याचे ते सद्भावनेचे मत देवाचा शब्द नव्हते. स्वतः दिलेला शब्द मागे घेऊन तो पुन्हा राजासमोर गेला आणि रात्री जे ऐकले ते सर्व त्याने सांगितले. देवाच्या वतीने बोलणाऱ्याला आपली चूक कबूल करण्याचीही तयारी ठेवावी लागते, हे पवित्र शास्त्राने लपवून ठेवलेले नाही.

यिर्मया निरुत्तर होतो

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले. तरुण राजा यखन्या, अनेक मान्यवर व कारागीर यांना त्याने बंदिवान करून नेले. मंदिरातील मौल्यवान पात्रेही गेली. मागे सिद्कीया हा बाबेलचा मांडलिक राजा म्हणून उरला. लोकांच्या मनात एकच आशा होती : हे संकट लवकर टळावे, नेलेली माणसे परत यावीत.

अशा वेळी यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन यरुशलेममध्ये फिरत होता. बाबेलची सत्ता मान्य करा, तिच्याविरुद्ध बंड करू नका, हा त्याचा संदेश होता. मंदिरात, याजकांच्या व सर्व लोकांच्या देखत, गिबोनचा हनन्या त्याच्यासमोर आला. परमेश्वराचेच नाव घेऊन त्याने जाहीर केले की दोन वर्षांच्या आत पात्रे परत येतील, राजा परत येईल, बंदिवान परत येतील. मग त्याने यिर्मयाच्या मानेवरील जू काढून मोडून टाकले (यिर्मया २८).

ऐकणाऱ्या लोकांची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. दोघेही एकाच देवाचे नाव घेत होते. दोघांची भाषा एकच होती. त्यातही हनन्याचा संदेश प्रत्येकाच्या मनातला होता. खुद्द यिर्मयालाही तो खरा ठरावा असे वाटत होते. हनन्याचे बोलणे ऐकून तो प्रथम 'आमेन' म्हणाला, परमेश्वर तसेच करो, अशी इच्छा त्याने व्यक्त केली. त्यानंतर त्याने एवढेच बजावले की पूर्वीच्या संदेष्ट्यांनी राष्ट्रांना युद्धाचे व संकटांचे इशारे दिले होते. जो शांतीची ग्वाही देतो त्याचे बोलणे खरे ठरेल तेव्हाच तो परमेश्वराने पाठविलेला आहे, हे कळून येईल.

जू मोडल्यानंतर काय झाले? यिर्मयाने प्रत्युत्तर दिले नाही. तो तेथून निघून गेला. पवित्र शास्त्रात हे एका छोट्याशा वाक्यात आले आहे आणि वाचताना ते सहज निसटून जाते. लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचा अपमान झाला होता. हनन्याला खोडून काढण्याइतके वक्तृत्व त्याच्यापाशी निश्चित होते. परंतु त्या क्षणी देवाने त्याला नवा शब्द दिलेला नव्हता, म्हणून त्याच्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते. पुढे परमेश्वराचा शब्द त्याला प्राप्त झाला, तेव्हा तो हनन्याकडे परत गेला. लाकडाचे जू मोडून तू त्याच्या जागी लोखंडाचे जू आणले आहेस, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावले आहेस, असे त्याने त्याला सांगितले. हनन्या त्याच वर्षी मरण पावला. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले आणि मंदिर जळून गेले.

असाच आणखी एक प्रसंग नगराच्या पाडावानंतर घडला. उरलेले लोक मिसर देशात पळून जावे की येथेच राहावे, या विवंचनेत होते. देवाला विचारून सांग, तो जे सांगेल ते आम्ही ऐकू, असे त्यांनी यिर्मयाला विनविले. लोक भयभीत होते, वेळ थोडा होता. तरीही यिर्मयाने त्यांना उत्तर दिले ते दहा दिवसांनी (यिर्मया ४२). येथेच राहा, हे ते उत्तर होते. लोकांनी त्याला खोटारडा ठरविले आणि ते त्यालाही सोबत घेऊन मिसरला निघून गेले.

न बोलण्याची मुभा नाही

शब्द मिळेपर्यंत थांबावे लागते, तसाच मिळालेला शब्द दडवूनही ठेवता येत नाही. इ. स. पूर्व आठव्या शतकात यहूदा प्रांतातील तकोवा गावचा आमोस उत्तरेकडील बेथेलच्या राजमंदिरात जाऊन गरिबांवरील अन्यायाविरुद्ध बोलला. तेथील याजक अमस्या याने त्याला आपल्या देशात जाऊन पोट भरण्यास सांगितले. आमोसने उत्तर दिले की संदेष्टेपण हा त्याचा पोटाचा धंदाच नव्हे. तो गुरे राखणारा आणि उंबराच्या फळांची निगा राखणारा माणूस आहे, परमेश्वराने त्याला कळपामागून उचलून येथे पाठविले आहे (आमोस ७).

यिर्मयाने तर गप्प बसण्याचा प्रयत्नही करून पाहिला. परंतु देवाचा शब्द आपल्या हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखा झाला आणि तो आवरून धरता धरता आपण थकून गेलो, अशी कबुली त्याने दिली आहे (यिर्मया २०). त्याला खोड्यात अडकविण्यात आले, पुढे चिखलाने भरलेल्या विहिरीत सोडण्यात आले. त्याची वचने बारूखने गुंडाळीवर लिहून काढली होती. हिवाळ्याच्या दिवसांत ती यहोयाकीम राजासमोर वाचण्यात आली, तेव्हा तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. अशा रीतीने सबंध गुंडाळी जळून गेली. यिर्मयाने बारूखला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगितले. जळालेले सर्व शब्द पुन्हा लिहिण्यात आले आणि त्यांत आणखी पुष्कळ भर पडली (यिर्मया ३६).

पारख कशी करावी?

अनुवादाच्या ग्रंथात दोन कसोट्या दिलेल्या आहेत. संदेष्ट्याचे म्हणणे घडून आले नाही, तर ते परमेश्वराकडून नव्हते (अध्याय १८). पण दुसरी कसोटी अधिक खोल आहे : त्याने सांगितलेले चिन्ह घडून आले, तरी तो लोकांना खऱ्या देवापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नये (अध्याय १३). म्हणजे चमत्कार हा अंतिम पुरावा नव्हे. मीखा या संदेष्ट्याने तिसरी खूण सांगितली आहे. ज्यांना खायला मिळाले की ते शांतीचा घोष करतात आणि ज्याने काही दिले नाही त्याच्यावर उठतात, अशा संदेष्ट्यांपासून तो लोकांना सावध करतो (मीखा ३). ज्याचा संदेश देणगीनुसार बदलतो, तो देवाचा दूत नव्हे.

ही पारख करण्याची जबाबदारी नव्या करारानेही आपल्यावर सोपविली आहे. संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी, असे संत पौल करिंथ येथील ख्रिस्तमंडळाला लिहितो (१ करिंथकर १४). १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथातही असे स्पष्ट केले आहे की खासगी साक्षात्कार ख्रिस्ताने पूर्ण केलेल्या प्रकटीकरणात भर घालू शकत नाहीत. कारण पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोललेला देव अखेरीस आपल्या पुत्राच्या द्वारे बोलला आहे. येशू ख्रिस्त देवाचा शब्द केवळ पोहोचवीत नाही. तो स्वतःच देवाचा शब्द आहे.

आपला वाटा

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या मस्तकावर पवित्र तेलाचा अभिषेक होतो, तेव्हा ख्रिस्ताच्या याजकीय, संदेष्टेपणाच्या आणि राजकीय कार्यात आपण सहभागी होतो. देवाची सर्व प्रजा ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात सहभागी आहे, याची आठवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात करून दिली. म्हणजे यिर्मयाची ती कठीण परीक्षा थोड्याफार प्रमाणात आपल्याही वाट्याला येते.

आज 'प्रभूने मला असे सांगितले आहे' हे शब्द आपल्या कानांवर वारंवार येतात. कधी आजाऱ्याच्या उशाशी, कधी मोबाईलवर आलेल्या संदेशात, कधी घरातल्या वादात. अशा वेळी संदेश गोड आहे म्हणून तो स्वीकारू नये आणि कडू आहे म्हणून तो नाकारू नये. तो आपल्याला देवाकडे, सत्याकडे आणि दुर्बळांच्या न्यायाकडे नेतो की नाही, सांगणाऱ्याचा त्यात काही लाभ आहे काय, हे शांतपणे पाहावे आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी ते ताडून पाहावे.

आणि ते शब्द आपल्याच ओठांवर येऊ लागतील तेव्हा आपण अधिक सावध असावे. दुःखात असलेल्या माणसाला 'ही देवाचीच इच्छा' असे आपण किती सहज सांगून टाकतो! ते नाथानच्या पहिल्या उत्तरासारखे असू शकते : हेतू चांगला, पण शब्द आपला. ठामपणे सांगण्यासारखे आपल्यापाशी काही नसेल, तर त्या माणसाजवळ बसावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि पवित्र शास्त्र उघडावे. यिर्मया दहा दिवस थांबला होता. आपणही थांबायला हरकत नाही.