सुरीने रंगवलेला सामना

२६ मार्च १९५२ च्या रात्री पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर दिव्यांच्या झोतात फ्रान्स आणि स्वीडनचा फुटबॉल सामना झाला. प्रेक्षकांत निकोला द स्ताल हा चित्रकार बसला होता. जन्म रशियातला, वय अडतीस, नाव झालेलं अमूर्त चित्रांसाठी. सामना पाहून तो पेटलाच. पुढच्या काही आठवड्यांत त्याने या एका विषयावर पंचवीसच्या आसपास चित्रं केली. बरीचशी छोटी, हातासरशी उरकलेली. एक मात्र अवाढव्य, दोन मीटर उंच आणि साडेतीन मीटर रुंद.

हत्यार होतं सुरी. गवंडी थापीने गिलावा चढवतो, तसा तो रुंद पात्याने तैलरंगाचा जाड थर ओढायचा. ब्रशचा फटकारा शेवटाकडे निमुळता होतो, विरतो. सुरीचा थर विरत नाही. जिथे थांबतो तिथे कड सोडतो. मांडी म्हणजे एक पट्टा, सदरा म्हणजे दुसरा, मधल्या फटीतून खालचा रंग डोकावतो. चेहरे नाहीत, बोटं नाहीत. दोन खेळाडू भिडतात तिथे दोन थर एकमेकांवर रेटले जातात आणि कड चेंगरते. मला विचाराल तर सामन्याचा सगळा जोर या चेंगरलेल्या कडांत आहे. स्नायू फुगवून दाखवणाऱ्या चित्रांत पैलवान असतो, कुस्ती नसते.

इटलीच्या बोच्चोनीनेही १९१३ मध्ये फुटबॉलपटू रंगवला होता. पण त्याचा एकटा खेळाडू प्रकाशाच्या तुकड्यांत विरघळून जातो. द स्तालची माणसं वजनदार आहेत, धडकली तर लागेल अशी.

मोठं चित्र त्याच वर्षी पॅरिसच्या ‘सालों द मे’ या प्रदर्शनात लागलं आणि अमूर्तवाल्यांचं पित्त खवळलं. कालपर्यंत आपल्या पंगतीत बसणारा हा गडी माणसं काढू लागला, तीही चड्डी घालून पळणारी! त्यांना ही फितुरी वाटली. गंमत अशी, की याच चित्रांत त्याचे रंगांचे ठोकळे आधीपेक्षा मोकळे झाले होते.

१९५५ मध्ये तो गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. मोठं चित्र पुढे बराच काळ घरच्यांकडेच राहिलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला दोन कोटी युरो मिळाले.