लॅव्हेंडरच्या तांब्याच्या भट्ट्या

फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागातल्या कुस्तले गावी लॅव्हेंडरचं एक संग्रहालय आहे. तिथली खरी श्रीमंती म्हणजे तेल काढायच्या जुन्या तांब्याच्या भट्ट्या. फुगीर पोटाचं भांडं, वर घुमटासारखं झाकण आणि तिथून वाकत गेलेली लांब नळी, तिला फ्रेंच कारागीर ‘हंसाची मान’ म्हणतात. पुढे गार पाण्याच्या पिंपात बुडवलेलं नळीचं वेटोळं. त्यात वाफ थंडावते; बाहेर पडलेल्या द्रवात पाणी खाली बसतं आणि हलकं तेल वर तरंगतं.

तांबंच का? ते चटकन आणि सगळीकडे सारखं तापतं, ठोकून हवा तो आकार घेतं, शिवाय उग्र वासाची गंधकयुक्त संयुगं धरून ठेवतं. गोव्याच्या फेणीवाल्यांनाही हे भांडं परकं वाटणार नाही!

सगळ्यात जुन्या पद्धतीत फुलं आणि पाणी एकाच भांड्यात घालून खाली जाळ करत. गोची इथंच होती. तळाची फुलं करपली की तेलाला जळका वास. आणि फार वेळ उकळलं की लिनालिल ॲसिटेट हा लॅव्हेंडरच्या गोड वासाचा मुख्य घटक पाण्याने विघटित होई. मग तळाशी जाळी आली, पुढे वाफेचा बॉयलरच वेगळा झाला.

अस्सल लॅव्हेंडरचं एक किलो तेल काढायला शंभर किलोंहून जास्त फुलं लागतात. डोंगरमाथ्यावरून एवढा भारा खाली आणण्यापेक्षा भट्टीच वर नेलेली बरी, म्हणून छोट्या भट्ट्या वरच, गार पाण्यासाठी ओढ्याकाठी मांडल्या जात. आज व्यापारी उत्पादनात स्टीलच्या टाक्या आहेत.