मूळ गाव सुलतानपूर, संघ दक्षिण आफ्रिका

लखनौत नव्या माणसाशी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, "आप लोग मूलतः कहाँ के हैं?" विचारण्यात अदब असते, खोच नसते. मी सातारा सांगतो. मग शिवाजी महाराजांचा विषय निघतो आणि मग चहा येतो. बँकेच्या बदलीने मी इथे आलो, निवृत्तीनंतरही गोमतीनगरातच राहिलो, तरी माझं उत्तर बदललेलं नाही. माझ्यासारख्याला या प्रश्नाचा त्रास नाही. पण देशाची जर्सी घालून मैदानात उतरलेल्या खेळाडूला हाच प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्यातली अदब बऱ्याचदा गळून पडते.

२१ ऑक्टोबर २०२३ ला इथल्या इकाना स्टेडियमवर विश्वचषकातला नेदरलँड्स-श्रीलंका सामना होता. फलकावर डच खेळाडूंची नावं झळकली, विक्रमजीत सिंग, तेजा निदामानुरु, आर्यन दत्त. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "भाईसाहब, ये हॉलैंड है या पंजाब?" आसपासचे सगळे हसले, मीही हसलो. पण त्या नावांमागच्या हकिगती साध्या नाहीत. विक्रमजीतचे आजोबा १९८४ च्या धामधुमीत पंजाब सोडून नेदरलँड्सला गेले. विक्रमजीत जन्मला पंजाबातल्या चीमा खुर्दमध्ये आणि लहानपणीच तिकडे गेला. तेजाचा जन्म विजयवाड्याचा, बालपण न्यूझीलंडमधलं आणि नेदरलँड्सला तो नोकरीनिमित्त आला. आर्यनचं कुटुंब मूळचं पंजाबातलं. त्याच संघात लोगन व्हॅन बीक होता. त्याचा जन्म न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा. त्याचे आजोबा सॅमी गिलेन आधी वेस्ट इंडिजकडून आणि पुढे न्यूझीलंडकडून कसोटी खेळले. या घरातल्या आजोबा-नातवाने मिळून तीन देशांच्या टोप्या घातल्या.

क्रिकेटचा कायदा याकडे शांतपणे पाहतो. त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व किंवा सलग तीन वर्षं तिथे वास्तव्य, यांपैकी एक गोष्ट असली की आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या लेखी खेळाडू त्या देशाचा. भारताचा नियम मात्र कडक आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने भारतीय पारपत्र असेल त्यालाच देशाकडून खेळता येईल असं ठरवलं. त्यामुळे डेव्हिस चषकात भारताकडून खेळलेला, पण अमेरिकेचा नागरिक असलेला प्रकाश अमृतराज बाहेर राहिला. वडील गुजराती, आई जपानी असलेला आराता इझुमी पुणे एफसीकडून फुटबॉल खेळायचा. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्याला भारताची जर्सी मिळाली. म्हणजे कागदावर हा प्रश्न सुटलेला आहे. तो सुटत नाही तो प्रेक्षकांच्या मनात.

लखनौकरांच्या मनात तो सर्वांत जास्त घोळतो केशव महाराजच्या बाबतीत. दक्षिण आफ्रिकेचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज जन्माने डरबनचा, पण त्याचे पूर्वज सुलतानपूरचे. सुलतानपूर लखनौपासून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. १८७४ च्या सुमारास हे पूर्वज करारावर मजूर म्हणून नाताळ प्रांतात गेले. उसाच्या मळ्यांसाठी भारतीय मजुरांना घेऊन जाणारं पहिलं जहाज डरबनला लागलं ते नोव्हेंबर १८६० मध्ये. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत दीड लाखाच्या आसपास माणसं अशी तिकडे गेली. करार संपल्यावर अनेक जण तिथेच राहिले. भाषा हळूहळू सुटली, पण देव, सण आणि आडनावं टिकली. केशवचे वडील आत्मानंद स्वतः यष्टिरक्षक होते आणि नाताळकडून खेळले. पण वर्णभेदाच्या राजवटीत गोऱ्या नसलेल्या माणसाला देशाच्या संघाचा दरवाजा बंद होता. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली, तीही कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताविरुद्ध. वडिलांना जी टोपी मिळणं शक्यच नव्हतं, ती मुलाने २०१६ मध्ये पर्थला घातली.

केशव रामाचा आणि हनुमानाचा भक्त आहे आणि तो ते लपवत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो इकानावर भारताविरुद्ध एकदिवसीय सामना खेळला. तीनच दिवसांनी रांचीत त्याने दक्षिण आफ्रिकेचं नेतृत्वही केलं. इथल्या चहाच्या टपरीवर तेव्हा निकाल लागला होता, "अपना लड़का है, अवध का है।" या बोलण्यातलं प्रेम खरं आहे. पण तो अपना लड़का लखनौत भारताला हरवायलाच आला होता आणि दक्षिण आफ्रिकेने तो सामना नऊ धावांनी जिंकलाही. त्याची भक्ती आणि त्याची गोलंदाजी यांत त्याला स्वतःला कुठलीच अडचण दिसत नाही. अडचण आपल्याला होते, कारण देव आणि देश एकाच खात्यावर असले पाहिजेत, असं आपण गृहीत धरतो.

लखनौला हा पेच नवा नाही. २३ ते २६ ऑक्टोबर १९५२ ला इथे, विद्यापीठाच्या मैदानावर, तागाच्या मॅटिंगवर भारत-पाकिस्तान कसोटी झाली. पाकिस्तानने भारताला एक डाव आणि ४३ धावांनी हरवलं. पाकिस्तानचा तो कसोटीतला पहिलावहिला विजय. नझर मोहम्मद नाबाद १२४ आणि फझल महमूद यांचे सामन्यात ९४ धावांत १२ बळी. आकडे रेकॉर्डबुकात मिळतात, माणसांच्या हकिगतींकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून कसोटी खेळले होते. त्यांच्या संघातले अमीर इलाही १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात भारताकडून कसोटी खेळले होते. भारताचे कर्णधार लाला अमरनाथ वाढले लाहोरमध्ये आणि फाळणीने त्यांचं ते शहर तुटलं. कारदारही लाहोरचेच. एका शहरातले दोघे दोन देशांचे कर्णधार म्हणून नाणेफेकीला उभे होते.

फझल महमूद यांची गोष्ट तर आपल्या पुण्यातून जाते. ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची भारतीय संघात निवड झाली होती आणि ऑगस्ट १९४७ मध्ये सराव शिबिरासाठी ते पुण्यात आले होते. परतीच्या रेल्वेप्रवासात काही जण अंगावर आले, तेव्हा सी. के. नायडू बॅट घेऊन मध्ये उभे राहिले, असं फझल यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. लाहोरला पोहोचल्यावर त्यांनी दौऱ्यातून माघार घेतली. ज्या देशाने त्यांना निवडलं, त्याच देशाचे बळी पाच वर्षांनी त्यांनी लखनौत घेतले. याला बेइमानी म्हणणारे तेव्हा असतील, आजही असतील. मला त्यात दिसतो तो एक गोलंदाज, ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्या कुणीतरी वाटून टाकली होती.

एक परागंदा संघही लखनौने सांभाळला. २०१९ मध्ये इकाना हे अफगाणिस्तानचं घरचं मैदान होतं. त्या नोव्हेंबरात वेस्ट इंडिजविरुद्धची त्यांची संपूर्ण मालिका, कसोटीसकट, इथे झाली. या संघाचं क्रिकेट उगवलं ते पेशावरच्या आसपासच्या निर्वासित छावण्यांत. मोहम्मद नबीसारखे खेळाडू तिथेच वाढले. २०२३ च्या विश्वचषकात चेन्नईला पाकिस्तानला हरवल्यावर इब्राहिम झादरानने आपला सामनावीराचा पुरस्कार पाकिस्तानातून परत पाठवल्या जाणाऱ्या अफगाण निर्वासितांना अर्पण केला. ज्या देशात त्याच्या संघाचं क्रिकेट रुजलं, त्याच देशाविरुद्ध तो हे बोलत होता.

आता जरा घरात पाहू. मोहम्मद शमी अमरोह्याचा, म्हणजे याच राज्याचा. उत्तर प्रदेशात संधी मिळेना म्हणून तो बंगालला गेला. २०२१ च्या टी-२० विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर समाजमाध्यमांवर त्याच्या धर्मावरून त्याला शिव्या पडल्या. पुढच्या वर्षी आशिया चषकात झेल सुटला आणि अर्शदीप सिंगला फुटीर ठरवलं गेलं. २९ ऑक्टोबर २०२३ ला इकानावर शमीने इंग्लंडचे २२ धावांत ४ बळी घेतले, तेव्हा सारं स्टेडियम त्याच्या नावाने घुमलं. यांच्यापैकी कुणीच परदेशातून आलेला नाही, तरी परीक्षा तीच. तुर्की वंशाचा जर्मन फुटबॉलपटू मेसुत ओझिल २०१८ मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना हेच म्हणाला होता. जिंकलो की मी जर्मन, हरलो की मी स्थलांतरित, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. न्यूझीलंडचा एजाज पटेल मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर तिकडे गेला. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्याने भारताचे एका डावात दहाच्या दहा बळी घेतले आणि वानखेडेने त्याला टाळ्या दिल्या. आपला सौरभ नेत्रावळकर २०१० मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघात होता, मुंबईकडून रणजीही खेळला. इथे पुढची वाट दिसेना म्हणून शिकायला अमेरिकेला गेला, इंजिनिअर झाला आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेकडून खेळताना त्याने कोहली आणि रोहित दोघांनाही बाद केलं. त्या दिवशी मराठी घराघरांत कौतुकच झालं, त्याला गद्दार कुणी म्हटलं नाही. मग उलट दिशेने येणाऱ्यांना आपण कसं वागवतो? मुंबईच्या रणजी संघाकडे पाहा. भदोहीहून पोरवयात येऊन आझाद मैदानावरच्या तंबूत राहिलेला यशस्वी जैस्वाल, मूळ गाझीपूरच्या घरातला आणि अणुशक्तीनगरात वाढलेला सूर्यकुमार यादव, आझमगढचं मूळ असलेला सर्फराज खान. टी-२० विश्वचषक जिंकून आल्यावर विधान भवनात सूर्यकुमार अंतिम सामन्यातल्या आपल्या झेलाबद्दल मराठीत बोलला आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. पण त्याच गाझीपूरचा रिक्षावाला दादर स्टेशनबाहेर उभा असेल, तर त्याच्यासाठी आपल्याजवळ 'परप्रांतीय' हा शब्द तयार असतो. झेल घेतला नाही म्हणून?

माझी मुलगी लखनौत जन्मली. शाळेत असताना ती उत्तर प्रदेशच्या संघातून पुण्याला टेबल टेनिस खेळायला आली आणि समोर नेमकी महाराष्ट्राची मुलगी. गॅलरीतून आत्या लाडाने म्हणाली, "अगं, तू आमच्याच विरुद्ध खेळणार?" मुलगी तिला मराठीतच म्हणाली, "आत्या, शिकवलं लखनौने, सकाळी पाचला हॉल उघडून दिला लखनौने. मग मी कुणाकडून खेळू?" सामना ती हरली. संध्याकाळी आत्याकडे पुरणपोळी खाऊन आली.

पारपत्राच्या आणि वास्तव्याच्या नियमांपेक्षा मला तिचं उत्तर जास्त पटतं. खेळाडू त्या मातीचा, जिने त्याला खेळायला जागा दिली. ज्या मातीतून त्याचे आजोबा निघाले तिच्यावर त्याचं प्रेम असेल, तर ती त्याची खासगी ठेव आहे. तिचा हिशेब मागण्याचा अधिकार ना सुलतानपूरला आहे, ना डरबनला, ना इंग्लंडमधल्या आशियाई लोकांची निष्ठा क्रिकेटवर तोलायची कसोटी १९९० मध्ये सुचवणाऱ्या ब्रिटिश राजकारणी नॉर्मन टेबिट यांना होता. मराठी वाचकांकडे माझं मागणं एवढंच आहे. एखाद्याचं मूळ गाव जरूर विचारा, त्यात आपुलकी असते. फक्त ते त्याने शतक ठोकल्यावर विचारणार असाल, तर झेल सोडल्यावर विचारू नका. आणि मुंबईच्या मैदानावर भदोहीचं किंवा आझमगढचं एखादं पोर नेट्सच्या बाहेर उभं दिसलं, तर त्याला आत घ्या.