वारकरी, धोबी आणि हळदी-कुंकू

दिवाळी सरून थंडी पडू लागली की घरोघर सहलीची बोलणी निघतात. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांची सहल बहुधा ठरलेली असते. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर ही देवस्थाने आणि वाटेवरच्या आप्तांच्या घरी एखादा मुक्काम. या परिपाठात न्यून काहीच नाही. परंतु याच वाटांच्या आसपास, नद्यांच्या आणि तलावांच्या काठी, दर हिवाळ्यात आणखी एक यात्रा भरत असते व तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सैबेरिया, मंगोलिया, तिबेट, लडाख अशा दूरदूरच्या प्रदेशांतून असंख्य पाणपक्षी दख्खनच्या पठारावर उतरतात आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच परतीची वाट धरतात. ही यात्रा मुलांना दाखवावी आणि ती दाखवताना त्या पक्ष्यांची मराठी नावे त्यांच्या कानी घालावीत, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

नावांचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. पक्षी पाहिला, डोळे निवले, एवढे पुरेसे नाही का? मराठीचा एक शिक्षक या नात्याने मला वाटते की पुरेसे नाही. ज्याला नाव नाही ते डोळ्यांसमोरून सरकून जाते. तळ्यावर शंभर पक्षी बसलेले असले तरी नावे ठाऊक नसणाऱ्याला ‘बगळे आणि बदके’ एवढेच दिसते. नाव कळले की नजर थांबते, आणि थांबलेली नजर भेद टिपू लागते.

नावे ठेवणारे कोण?

आपल्या पाणपक्ष्यांची नावे पंडितांनी सभा भरवून ठेवलेली नाहीत. ती काठावर राबणाऱ्या माणसांनी ठेवली आणि ठेवताना त्यांनी आपल्या घरातल्या, व्यवसायातल्या वस्तू वापरल्या. ज्याची बाकदार चोच ओल्या जमिनीत खुपसलेली दिसते तो कुदळ्या. ज्या बदकाची चोच कुंभाराच्या थापटण्यासारखी पुढे चपटी व रुंद होत जाते तो थापट्या. पाण्याच्या कडेला सतत शेपूट वरखाली आपटीत फिरणारा तो धोबी, म्हणजेच परीट. सुतळीसारखे बारीक व लांब गुलाबी पाय घेऊन चिखलात डौलाने चालणारा तो शेकाट्या. क्षणात बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येणारी इवलीशी ती टिबुकली. पाण्यात खडा पडावा तसा आवाज त्या नावातच आहे.

एका बदकाची काळी चोच टोकाशी पिवळी असते आणि मुळाशी, कपाळालगत, दोन्ही अंगांना लाल ठिपका असतो. आपल्या बायांनी त्याला हळदी-कुंकू म्हटले. या एका नावात त्याची संपूर्ण ओळख सामावली आहे. पुस्तकातील दहा ओळींचे वर्णन ज्या मुलाच्या ध्यानात राहत नाही, ते मूल हे नाव जन्मभर विसरत नाही. काळ्याभोर अंगाचा, कपाळावर पांढराशुभ्र टिळा ल्यालेला आणि मोठ्या मेळ्याने पाण्यावर विहरणारा तो वारकरी. त्याचे दुसरे नाव चांदवा. तेही सुंदर आहे, परंतु भीमेच्या पाण्यावर शेकड्यांनी तरंगणारे हे काळे पक्षी पाहिले की पहिलेच नाव ओठांवर येते.

ही नावे म्हणजे आपल्या लोकजीवनाची एक वही आहे. महाराष्ट्राबाहेरच्या घरात ही वही लवकर मिटते. घरातली भाषा स्वयंपाकघर, सणवार आणि नातीगोती यांपुरती आक्रसत जाते. शेत, रान आणि पाणी यांची भाषा मुले शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांतून घेतात. आमच्या निर्ण्याच्या परिसरात मुले घरी मराठी, बाजारात कानडी आणि गल्लीत दखनी उर्दू बोलतात. तीन भाषांचे हे वैभव असूनही खंड्याचे नाव एकाही भाषेत न येणारी मुले वर्गात पुष्कळ भेटतात. मराठीतला खंड्या कानडीत मिंचुळ्ळी होतो. आपली टिटवी कानडीत टिट्टिभ आहे, आणि संस्कृतातही टिट्टिभच. पंचतंत्रात समुद्राशी भांडणारे जोडपे ते हेच. सीमेवरच्या मुलाला ही सगळी नावे एकाच सकाळी शिकता येतात. एक भाषा दुसरीला मागे सारीत नाही, हेही त्याला त्याबरोबर कळते.

मराठीत ही वही जपण्याचे थोर कार्य मारुती चितमपल्ली यांनी केले. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथील अरण्ये पायांखाली घातली आणि रानातल्या माणसांच्या तोंडची नावे टिपून ठेवली. त्यांचा ‘पक्षीकोश’ मराठी घरात शब्दकोशाच्या शेजारी असावा असा ग्रंथ आहे. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर यांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो.

सलीम अलींचा आमच्या भागाशीही ऋणानुबंध आहे. १९३१-३२ मध्ये त्यांनी पत्नी तहमीना यांच्यासह निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. बीदर आणि तेव्हाचे गुलबर्गा हे जिल्हे त्याच संस्थानात होते.

आपल्या वाटेवरचे पाणवठे

दख्खनच्या पठारावर, लोणारसारखा अपवाद सोडला तर, नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. आपल्याकडे पाणपक्षी उतरतात ते माणसाने अडवलेल्या पाण्यावर. राजांचे तलाव, गावांची तळी आणि गेल्या शतकातील धरणे हीच त्यांची धर्मशाळा. त्यामुळे हे पाणवठे बहुधा वस्तीच्या जवळ आहेत आणि सहलीला सोयीचे आहेत.

बीदर जिल्ह्याचे बहुतेक पाणी मांजरेवाटे गोदावरीला जाते, कलबुर्गीचे भीमेवाटे कृष्णेला. मांजरेला मिळणाऱ्या कारंजा नदीवरील जलाशय आमच्या सर्वांत जवळचा. कलबुर्गीच्या बाजूला चिंचोळीचे अभयारण्य २०११ साली घोषित झाले. त्यातील चंद्रमपळ्ळीच्या धरणाचा काठही पाहण्याजोगा आहे. हुमनाबादहून जाणारा पुणे-हैदराबाद महामार्ग धरला तर पूर्वेला संगारेड्डीजवळ १९७८ साली स्थापन झालेले मांजरा अभयारण्य लागते. हैदराबादला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या या जलाशयात बेटे आहेत, चित्रबलाक आहेत आणि मगरीही आहेत. तेव्हा मुलांना पाण्यात पाय बुडवू देऊ नयेत.

त्याच महामार्गाने पश्चिमेला सोलापूर मागे टाकून भिगवणला पोहोचावे. पंढरपूरच्या वरच्या अंगाला भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पुरे झाले. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या काठी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. अग्निपंख हे त्यांचे दुसरे नाव. थवा उडाला की पंखांखालचा लाल-गुलाबी रंग उघडा पडतो. हा रंग जन्मजात नसतो. पिल्ले करडी असतात. शेवाळ आणि सूक्ष्म जलजीव यांच्या आहारातून तो अंगी येतो. रोहित आपली वाकडी चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि चिखलपाणी गाळून अन्न घेतो. म्हणूनच त्याला उथळ पाणी लागते. धरण काठोकाठ भरलेले असताना रोहित पाहण्यास गेल्यास निराशा पदरी येण्याचा संभव अधिक. पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागतो त्या जानेवारीनंतरच्या दिवसांत जावे. ज्यांच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्या अशा काठावरच्या गावांतील मच्छीमार आज होडीतून पक्षी दाखवतात. त्यांच्याशी बोलत बोलत हिंडावे. पक्ष्यांचे पुष्कळसे मराठी ज्ञान अजून त्यांच्याजवळ आहे.

गोदावरीकाठी पैठणचा नाथसागर आणि नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर ही दोन्ही अभयारण्ये १९८६ सालची. नांदूर मधमेश्वरची कथा बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे बंधारा झाला, मग त्यात गाळ साचत गेला, बेटे तयार झाली, पाणी उथळ झाले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने ही हानी. परंतु गाळाने पक्ष्यांचे भाग्य उजळले. पाणथळींच्या रक्षणाचा करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर गावी झाला. त्या करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची यादी केली जाते. तिच्यात स्थान मिळालेले महाराष्ट्रातील पहिले ठिकाण म्हणजे नांदूर मधमेश्वर. त्याची घोषणा झाली ते साल २०२०.

दक्षिणेकडे गदग जिल्ह्यातील मागडी तलावही २०२४ पासून या यादीत आहे. तेथील मानाचा पाहुणा पट्टकादंब. डोक्यामागे दोन काळे पट्टे ल्यालेला हा हंस हिमालयाची शिखरे ओलांडून येतो, आणि मंगोलियात गळ्यात खुणेचे पट्टे अडकवलेले पट्टकादंब कर्नाटकातील जलाशयांवर पाहिले गेले आहेत. मंड्या जिल्ह्यातील कोक्करे बेळ्ळूर या गावाच्या नावातच करकोचा आहे. तेथे चित्रबलाक आणि झोळीवाले हेज्जार्ले गावातल्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात आणि गावकरी त्यांना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकींसारखे जपतात.

इतर प्रांतांतील वाचकांनीही हिरमुसण्याचे कारण नाही. बडोद्याजवळचा वढवाणा तलाव गायकवाडांच्या राजवटीतला आणि इंदूरचे सिरपूर व यशवंतसागर हे तलाव होळकरांच्या राजवटीतले. तिन्ही आता रामसर यादीत आहेत. तंजावरकरांना कोडियक्कराईचा किनारा जवळ आहे. तेथेही रोहित येतात. मराठी राजांनी प्रजेसाठी अडवलेल्या पाण्यावर मराठी मुलांनी पक्षी पाहावेत, याहून सयुक्तिक सहल कोणती?

नाव उरते, पक्षी जातो

या आनंदाला एक काळी किनार आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारींचे आकडे कोरलेले शिलालेख आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले. योगायोग असा की तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. शिकार थांबली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही तेथे येणारा सैबेरियन क्रौंच वाचला नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी दिसली, त्यानंतर नाही. त्याच उद्यानात १९८२ साली गुरांची चराई बंद केली तेव्हा गवत माजून मोकळे पाणी झाकले गेले आणि अनेक पाणपक्ष्यांची अडचण झाली, असे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून पुढे आले. पाणी, पक्षी, गुरे आणि माणसे यांचे गणित एका हुकुमाने सुटत नाही.

आपल्या अगदी उंबऱ्यापाशी सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. माळढोक पाणपक्षी नव्हे, तो माळाचा राजा. त्याच्यासाठी १९७९ साली हे अभयारण्य झाले. परंतु माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या, आणि मादी बहुधा एका हंगामात एकच अंडे घालीत असल्याने तूट भरून निघाली नाही. आता साऱ्या देशात माळढोक दोनशेहूनही कमी, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी त्याची बातमी होते. ‘माळढोक’ हा शब्द कोशात सुखरूप आहे. माळ मात्र रिकामा झाला. हळदी-कुंकू आणि वारकरी यांच्या वाट्याला हे येऊ नये असे वाटत असेल, तर त्यांना ओळखणारी माणसे काठावर हवीत. ज्याचे नाव आपल्या ओठी नाही त्याच्यासाठी कोणी अर्ज करीत नाही, तळ्यात कचऱ्याची गाडी रिती होताना कोणी आडवे जात नाही.

सहलीची तयारी

तयारी थोडीच लागते. सूर्योदयापूर्वी काठावर पोहोचावे, कारण पहिले दोन तास सर्वांत मोलाचे. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण कुटुंबास एक पुरते. तीही नसल्यास आधी जवळचे पक्षी पाहावेत. खडे मारून थवा उडवणे, घरट्याजवळ जाणे, मोठ्याने गाणी लावणे हे कटाक्षाने टाळावे. दूरच्या प्रवासाने शिणलेल्या पक्ष्याला विनाकारण उडवणे म्हणजे त्याची शिदोरी हिसकावणे होय.

आणि एक वही न्यावी. तीत चार रकाने आखावेत: पक्ष्याचे मराठी नाव, आपण राहतो त्या प्रांतातील नाव, ठिकाण आणि तारीख. नाव येत नसेल तेथे चोच, पाय आणि रंग यांचे वर्णन मुलांच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि घरी परतल्यावर आजी-आजोबांना विचारावे. कित्येकदा त्या वयस्क माणसांना वर्षानुवर्षे कोणी काही विचारलेले नसते. टिटवी, ढोकरी, पाणकावळा ही नावे त्यांच्या तोंडून भराभर निघू लागतात. पुढील हिवाळ्यात तीच वही घेऊन त्याच काठावर जावे. कोण आले, कोण आले नाही, याचा हिशेब मग मुलेच आपल्याला विचारू लागतील.